हाती फक्त वस्तू असताना : अपरिचित वाहन-उत्पादनावर अहवाल कसा लिहावा

वाहन-उद्योगाशी संबंधित लेखनकाम नव्याने सुरू करणाऱ्यावर कधी ना कधी अशी वेळ येते, की टेबलावर एखादा भाग आणून ठेवला जातो, सोबत पुसट छपाईचे एखादे चिठोरे असते किंवा तेही नसते, आणि ‘यावर अहवाल द्या’ एवढीच सूचना मिळते. भागाचे नाव माहीत नसते, तो कोणत्या गाडीतला हे ठाऊक नसते आणि तो काय करतो याविषयी केवळ अंदाज असतो. अशा वेळी नवखा लेखक बहुधा शोधयंत्राकडे धाव घेतो आणि ‘ब्रेक म्हणजे काय’, ‘इंजिन कसे चालते’ असा सर्वसाधारण मजकूर गोळा करून माहितीची पोकळी झाकतो. तो अहवाल भरगच्च दिसतो, परंतु समोरच्या त्या विशिष्ट वस्तूविषयी त्यातून काहीच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे त्यातले काय तपासलेले आहे आणि काय उचललेले आहे, हे वाचकाला ओळखता येत नाही.

अपुऱ्या माहितीवरचा अहवाल विश्वासार्ह ठरतो तो त्यातल्या प्रत्येक विधानाचा उगम दिसत असल्यामुळे. म्हणून पहिल्या दिवसापासून नोंदवहीत तीन रकाने आखावेत : मी स्वतः पाहिले किंवा मोजले ते, कोणीतरी सांगितले किंवा छापले आहे ते, आणि या दोन्हींवरून मी काढलेले अनुमान. पुढील सर्व पायऱ्या हे तीन रकाने भरण्यासाठीच आहेत, आणि एका रकान्यातली नोंद नकळत दुसऱ्यात सरकू न देणे हेच या कामातले खरे कौशल्य आहे.

आधी प्रश्न, मग वस्तू

अहवाल कोण वाचणार आणि वाचून काय ठरवणार, हे एका वाक्यात लिहून घ्यावे. भाग खरेदी करायचा की नाही हे ठरवणाऱ्याला तो कशाशी जुळतो आणि कोणत्या मानकात बसतो हे हवे असते. बिघाडाची चौकशी करणाऱ्याला तो कुठे आणि कसा तुटला हे हवे असते. सूचना देणाऱ्याने प्रश्न सांगितला नसेल, तर आपणच एक प्रश्न लिहून त्याच्याकडून होकार घ्यावा. या पायरीला पाच मिनिटे लागतात, आणि ती गाळली तर सगळा अहवाल पुन्हा लिहावा लागण्याची शक्यता असते.

हात लावण्यापूर्वी

अनोळखी भाग निरुपद्रवी असेलच असे नाही. एअरबॅग फुगवणारा इन्फ्लेटर आणि सीटबेल्ट आवळणारा प्रिटेन्शनर यांत स्फोटक द्रव्य असते, आणि साध्या मल्टिमीटरने त्यांचा विद्युत रोध मोजण्याचा प्रयत्नही धोक्याचा ठरू शकतो. एअरबॅगच्या जोडणीत पिवळे कनेक्टर बहुतेक ठिकाणी वापरतात, तर विद्युत वाहनांतील उच्च दाबाच्या तारांचे आवरण नारिंगी असते. हे दोन रंग दिसताच मोजमाप थांबवून जाणकाराला बोलवावे. डिकीचे झाकण उचलून धरणारे गॅस स्ट्रट आणि गॅस भरलेले शॉक ॲब्सॉर्बर कापून पाहू नयेत, कारण त्यांत वायू दाबाखाली असतो. जुन्या ब्रेक पॅडवरची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, कारण तीत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

यानंतरचा मोह म्हणजे भाग पुसून स्वच्छ करणे, आणि तो आवरायला हवा. वापरलेल्या भागावरची काजळी, तेलाचा थर, एका बाजूचा गंज, नळी बसत होती तिथला गोल ठसा, बोल्टखालची चकचकीत जागा हे सगळे पुरावे आहेत. ज्या पृष्ठभागावर वॉशरचा ठसा आहे तो कशावर तरी आवळलेला होता. एका तोंडाशी काजळी आणि दुसरे कोरडे असेल, तर प्रवाहाच्या दिशेचा सुगावा लागतो. म्हणून सहाही बाजूंनी, शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, वजन करावे, व्हर्निअर कॅलिपरने मुख्य मापे घ्यावीत, आणि त्यानंतरच, गरज असेल तर, पुसावे.

वस्तूवर काय कोरले आहे

चिठोरे हरवते, परंतु वस्तूवरचे कोरीव अक्षर सहसा टिकते. वाहनांच्या भागांवर इतक्या खुणा असतात, की त्या शांतपणे वाचल्या तर अर्धा अहवाल तिथेच उभा राहतो. तिरपा प्रकाश टाकून, भिंगाखाली, प्रत्येक खूण जशी दिसते तशी उतरवून घ्यावी आणि अर्थ नंतर लावावा. शून्य आणि इंग्रजी ओ, एक आणि इंग्रजी आय यांची गल्लत इथे हमखास होते. गाडीच्या १७ अक्षरी ओळख-क्रमांकातून आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वगळली आहेत ती याच कारणाने.

प्लॅस्टिकच्या भागावर टोके आतल्या अक्षरांकडे असलेल्या दोन कोनी कंसांत (> <) साहित्याचे नाव असते. ‘पीए६६-जीएफ३०’ म्हणजे ३० टक्के काचतंतू मिसळलेले नायलॉन ६६. ‘पीपी-टीडी२०’ म्हणजे २० टक्के टाल्क मिसळलेले पॉलिप्रॉपिलीन. पहिले साहित्य उष्णता आणि ताण सोसण्यासाठी निवडतात, त्यामुळे ते इंजिनाच्या आसपास सापडते. दुसरे डॅशबोर्ड आणि इतर आच्छादनांत अधिक दिसते. जवळच घड्याळाच्या तबकडीसारखे छोटे वर्तुळ असेल, तर कडेचे १२ आकडे महिन्यांचे असतात, मधला अंक वर्षाचा असतो आणि बाण महिना दाखवतो. ही तारीख साच्यातून ते कवच निघाल्याची आहे, पूर्ण भाग जुळवल्याची नाही, हे अहवालात स्पष्ट लिहावे.

टायरवर ‘डॉट’ (DOT, अमेरिकेच्या परिवहन खात्याची आद्याक्षरे) या अक्षरांनंतरच्या ओळीचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ‘२०५/५५ आर १६ ९१ व्ही’ यातील ९१ हा भारनिर्देशांक म्हणजे ६१५ किलो, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतचा वेग. बेअरिंगवरील ६२०५ मधले शेवटचे दोन अंक पाचने गुणले की आतल्या छिद्राचा व्यास मिळतो, म्हणजे २५ मिलिमीटर. हा नियम ०४ पासून पुढे चालतो, त्याखालच्या अंकांसाठी छिद्रे ठरलेली आहेत आणि ६२०३ चे छिद्र १७ मिलिमीटर असते. बोल्टच्या डोक्यावरील ८.८ म्हणजे किमान ताणसामर्थ्य सुमारे ८०० मेगापास्कल आणि कायमची लांबी वाढू लागण्याची मर्यादा त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४०. रिलेच्या (विजेने चालणाऱ्या स्विचच्या) पायांजवळ ८५ आणि ८६ असेल तर ती गुंडाळीची टोके आहेत, ३० ला कायमचा पुरवठा येतो आणि ८७ वरून तो पुढे जातो.

खुणा वाचताना अतिआत्मविश्वासही नडतो. स्पार्क प्लगच्या क्रमांकातील उष्णता-श्रेणीचा अंक घ्या : एनजीकेच्या पद्धतीत अंक जितका मोठा तितका प्लग ‘थंड’, म्हणजे उष्णता लवकर वाहून नेणारा; बॉशच्या पद्धतीत नेमके उलट. एका उत्पादकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लावली, तर उत्तर सुबक येते आणि चुकीचे येते. ब्रेक पॅडच्या कडेवरील ‘एफएफ’ ही अक्षरे पाहून काही जण दर्जा ठरवतात. प्रत्यक्षात पहिले अक्षर थंड अवस्थेतील आणि दुसरे तापलेल्या अवस्थेतील घर्षणगुणक सांगते, आणि एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. पॅड किती टिकेल किंवा किती आवाज करेल, याविषयी ती अक्षरे काहीही बोलत नाहीत.

मान्यतेच्या खुणांबाबत माझीही एकदा फसगत झाली होती. एका दिव्यावर वर्तुळात ई आणि शेजारी ४ पाहून मी ‘नेदरलँड्समध्ये बनवलेला’ असे बिनधास्त लिहिले, आणि नंतर दिव्याच्या कवचाच्या आतल्या बाजूस दुसऱ्याच देशाचे नाव निघाले. वर्तुळातील तो अंक मान्यता देणाऱ्या देशाचा असतो (१ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स); कारखाना जगात कुठेही असू शकतो. ही मान्यता संयुक्त राष्ट्रांच्या १९५८ च्या करारावर आधारलेली आहे, आणि सोबतच्या क्रमांकावरून कोणता नियम लागू झाला ते कळते : ४३ असेल तर वाहनाची काच, ९० असेल तर बदली ब्रेक पॅड. अमेरिकेतील ‘डॉट’ या खुणेचा अर्थ मात्र वेगळा आहे. तिथे उत्पादक स्वतःच जाहीर करतो, की भाग संघराज्याच्या सुरक्षा-मानकांत बसतो. सरकारने विक्रीपूर्वी तपासून मंजुरी दिली, असा त्याचा अर्थ होत नाही. तसेच ‘आयएटीएफ १६९४९’ हे प्रमाणपत्र कारखान्याच्या गुणवत्ता-व्यवस्थेचे असते, हातातल्या वस्तूचे नाही. ‘प्रमाणित’ हा शब्द लिहिण्यापूर्वी कोणी, काय आणि कशासाठी प्रमाणित केले, या तिन्हींची उत्तरे हाताशी असावीत.

एका भागावरून पुढे कसे जावे

समजा, मुठीत मावेल असा काळा प्लॅस्टिकचा भाग आला आहे. त्याला नळी बसवण्याची दोन तोंडे आहेत, दोन पिनांचा कनेक्टर आहे, एक बाण कोरलेला आहे, पीए६६-जीएफ३० आणि १२ व्होल्ट असे लिहिलेले आहे आणि एक क्रमांक अर्धवट घासला गेला आहे. यापेक्षा अधिक काहीही मिळालेले नाही.

पहिल्या रकान्यात जाणाऱ्या नोंदी अशा. पिनांमधला रोध मोजला, तो २४ ओम आला, आणि मीटरच्या टोकांची अदलाबदल केली तरी तेवढाच राहिला. एका तोंडातून हलकेच हवा सोडली, ती पलीकडे गेली नाही. रोध दोन्ही दिशांनी सारखा असल्याने आत गुंतागुंतीचे इलेक्ट्रॉनिक परिपथ नसून साधी गुंडाळी असावी, असे मानण्यास आधार मिळाला. त्यानंतर फ्यूज लावलेला १२ व्होल्टचा पुरवठा क्षणभर दिला, तेव्हा ‘टिक्’ असा आवाज झाला आणि हवा जाऊ लागली. पुरवठा काढताच मार्ग बंद झाला. २४ ओमांतून १२ व्होल्टला अर्धा अँपिअर प्रवाह, म्हणजे ६ वॅट, हा हिशेब छोट्या सोलेनॉइडला, म्हणजे वीज दिली की आतला दांडा ओढणाऱ्या विद्युतचुंबकाला, शोभेसा आहे.

आता तिसरा रकाना. हा वीज नसताना बंद राहणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे, हे अनुमान जवळजवळ निश्चित मानता येते. तो कशासाठी, याची उत्तरे मात्र एकाहून अधिक असू शकतात, आणि ती सगळी कागदावर मांडून एकेक खोडत जाणे हीच योग्य रीत. टर्बोचा (इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्रणेचा) दाब नियंत्रित करणाऱ्या सोलेनॉइडला बहुधा तीन तोंडे असतात, इथे दोन आहेत. पाणी किंवा कूलंट वाहून नेणाऱ्या व्हॉल्व्हची तोंडे सहसा यापेक्षा रुंद असतात आणि वापरलेल्या भागात क्षारांचा थर दिसतो, इथे तो नाही. तोंडांना पेट्रोलचा मंद वास येत असेल आणि एका तोंडात काळे बारीक कण असतील, तर कोळशाचा कॅनिस्टर आठवायला हवा. पेट्रोलच्या टाकीतील वाफ हवेत जाऊ नये म्हणून ती सक्रिय कोळशाच्या डब्यात धरून ठेवतात, आणि इंजिन चालू असताना संगणक-नियंत्रक एक व्हॉल्व्ह झपाट्याने उघडझाप करत ती वाफ इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) निर्वाताच्या जोरावर आत ओढून घेतो. हातातला भाग म्हणजे हाच पर्ज व्हॉल्व्ह असावा.

हे उत्तर मिळाले म्हणून लगेच लेखणी उचलू नये. अनुमान खरे असेल तर आणखी काय खरे असायला हवे, हे विचारून ते तपासावे. पर्ज व्हॉल्व्हवरील बाण कॅनिस्टरकडून इंजिनाकडे असायला हवा, त्यामुळे काळे कण बाणाच्या मागच्या तोंडाशी अधिक सापडायला हवेत. ज्या गाडीतून भाग काढला तिच्या नोंदीत पी०४४१ किंवा पी०४४३ हे बिघाड-संकेत असतील, तर ते या प्रणालीचेच आहेत : पहिला चुकीच्या पर्ज-प्रवाहाचा, दुसरा या व्हॉल्व्हच्या विद्युत-परिपथाचा. इंधन भरल्यानंतर गाडी सुरू व्हायला कुरकुरत होती, असे चालकाने सांगितले, तर उघडाच अडकलेल्या पर्ज व्हॉल्व्हशी ते जुळते. मात्र ही दुसऱ्या रकान्यातली माहिती आहे आणि ती तिथेच राहावी.

बाहेर कुठे शोधावे

इतके झाल्यावर शोधयंत्राकडे वळावे, कारण आता शोधण्याजोगे शब्द आपल्याकडे आहेत. भाग-क्रमांक मोकळ्या जागांसह, जोडरेषांसह आणि दोन्हींशिवाय अशा तिन्ही रीतींनी शोधावा. शेवटचे अक्षर बहुधा सुधारित आवृत्तीचे असते, म्हणून ते गाळूनही एकदा पाहावे. एकाच भागाला गाडी-उत्पादकाचा एक आणि भाग बनवणाऱ्याचा दुसरा क्रमांक असतो; दोन्ही एकाच भागाचे आहेत याची खात्री मापे जुळवूनच होते.

सीमाशुल्काच्या वर्गीकरणाकडे नवखे लोक सहसा पाहत नाहीत, परंतु ते उपयोगी पडते. त्यातील पहिले सहा अंक बहुतेक सगळ्या देशांत समान असतात, आणि त्यांतले पहिले चार वस्तूचा गट सांगतात : ८७०८ खाली वाहनांचे भाग, ८५१२ खाली दिवे आणि संकेत-साधने, ४०११ खाली नवे रबरी टायर, आणि आपला व्हॉल्व्ह बहुधा ८४८१ खाली. बिलावर किंवा खोक्यावर हा आकडा असेल, तर पाठवणाऱ्याने वस्तू काय म्हणून घोषित केली हे कळते. पेटंटच्या वर्गीकरणातही अशीच सोय आहे. टाकीतील इंधनवाफ इंजिनात घेण्याच्या रचना एफ०२एम २५/०८ या वर्गात सापडतात, आणि त्यातील आकृत्या आतली रचना समजून घेण्यास फार चांगल्या असतात. एवढेच ध्यानात ठेवावे, की पेटंट काय बनवता येईल ते सांगते. हातातला भाग तसाच बनला आहे, याचा तो पुरावा नव्हे.

बिघाडांविषयी सर्वांत मोकळेपणाने लिहिलेली कागदपत्रे गाड्या परत बोलावण्याच्या नोंदींत मिळतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाच्या संकेतस्थळावर उत्पादकांनी दाखल केलेले दोष-अहवाल खुले आहेत, आणि त्यांत भाग काय करतो, कसा निकामी होतो आणि चालकाला काय जाणवते हे साध्या भाषेत दिलेले असते. अनुभवी मेकॅनिकला विचारणे हाही संशोधनाचाच भाग आहे. त्याला ‘हे काय आहे?’ असे विचारण्याऐवजी ‘हे कुठे बसते आणि काढायला किती वेळ लागतो?’ असे विचारावे. हाताच्या आठवणीतून आलेले उत्तर अधिक नेमके असते.

उत्पादकाचे दावे

माहितीपत्रक असेलच तर त्यातला प्रत्येक आकडा साध्या हिशेबावर घासून पाहावा. एखादा एलईडी हेडलॅम्प-बल्ब ५० वॅट आणि २०,००० लुमेन (प्रकाशाचे एकक) असे सांगत असेल, तर तो प्रतिवॅट ४०० लुमेन देतो असा दावा झाला, आणि चांगल्या एलईडीकडूनही प्रतिवॅट साधारण १०० ते २०० लुमेनच मिळतात. तुलनेसाठी, ५५ वॅटचा एच७ हॅलोजन बल्ब सुमारे १,५०० लुमेन देतो. दिवा प्रत्यक्ष न मोजताही एवढे लिहिता येते, की छापलेले दोन आकडे एकत्र खरे असू शकत नाहीत. इंधन वाचवणाऱ्या जोड-उपकरणांबाबत तर अधिकच सावध असावे : अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणे तपासली आणि फारच थोड्यांत काही सुधारणा दिसली, तीही किरकोळ. गाडीच्याच विजेवर पाण्यापासून हायड्रोजन काढून तो इंजिनात सोडणारे उपकरण घ्या. ती वीज अल्टरनेटर (गाडीतले जनित्र) देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवते आणि इंजिन तेच इंधन जाळते. प्रत्येक टप्प्यावर ऊर्जा घटते, मग शेवटी ती वाढणार कुठून?

लिहिताना

आरंभी एका परिच्छेदात उत्तर द्यावे : वस्तू काय आहे, आपण कितपत खात्रीने म्हणतो, आणि ही खात्री कशावर उभी आहे. पुढे निरीक्षणे, मग मिळालेली माहिती, मग अनुमाने. क्रियापदे विचारपूर्वक निवडावीत. ‘रोध २४ ओम आहे’ हे मोजलेले. ‘उत्पादकाच्या म्हणण्यानुसार भाग जलरोधक आहे’ हे सांगितलेले. ‘हा पर्ज व्हॉल्व्ह असावा’ हे अनुमान. मराठीत ‘आहे’, ‘म्हटले आहे’, ‘असावा’ आणि ‘असू शकतो’ यांतला फरक वाचकाच्या कानाला लगेच जाणवतो, म्हणून हे चार प्रयोग अहवालभर एकाच अर्थाने वापरावेत आणि शैलीसाठी त्यांची अदलाबदल करू नये. ‘उत्कृष्ट’, ‘अत्याधुनिक’, ‘दर्जेदार’ हे शब्द माहितीपत्रकातून अहवालात शिरले, तर ते सरळ काढून टाकावेत. मोजमापाची साधने आणि परिस्थितीही नोंदवावी, कारण तांब्याच्या गुंडाळीचा रोध तापमानाबरोबर वाढतो आणि इंजिनाशेजारून नुकत्याच काढलेल्या भागाचा आकडा थंड भागाशी जुळणार नाही.

जे कळले नाही त्याची वेगळी यादी द्यावी आणि प्रत्येक बाबीपुढे ती कशी कळेल हे लिहावे. ‘कोणत्या गाड्यांना बसतो : निश्चित नाही, पूर्ण भाग-क्रमांक मिळाल्यास किंवा मूळ गाडीचा ओळख-क्रमांक मिळाल्यास ठरवता येईल’ अशी नोंद वाचणाऱ्याला पुढचे पाऊल दाखवते. नवख्यांना ही यादी म्हणजे कमीपणाची कबुली वाटते आणि ते ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ढकलतात. निर्णय घेणारा अनुभवी वाचक मात्र अनेकदा सर्वप्रथम तीच उघडतो.

सुपूर्त करण्यापूर्वी एक परीक्षा अवश्य घ्यावी. ज्याने वस्तू पाहिलेली नाही अशा सहकाऱ्याला केवळ अहवालातील वर्णन वाचायला द्यावे, आणि तशाच दिसणाऱ्या चार-पाच भागांतून आपला भाग ओळखायला सांगावे. तो अडला, तर कोणते माप किंवा कोणती खूण लिहायची राहिली हे त्याच्या पहिल्याच प्रश्नातून कळते. मग ती उणीव भरून काढावी, भागाला अहवाल-क्रमांकाची चिठ्ठी बांधावी, आणि अहवाल स्वीकारला गेल्याचे कळेपर्यंत तो भाग न धुता, न उघडता पिशवीत जपून ठेवावा, कारण पहिली शंका आली की सगळ्यांना तोच पुन्हा पाहायचा असतो.